पडला की पाडला

फुलपाड्यात क्षितिजा चुरीला 'जोड्यांच्या मॅडम' म्हणत. विरार पूर्वेच्या त्या दाट वस्तीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचा क्लास होता. बँकेच्या, रेल्वेच्या, तलाठ्याच्या परीक्षांना बसणारी मुलंमुली तिच्याकडे इंग्रजी शिकायला येत. व्याकरण काय, कुणीही शिकवतं. क्षितिजाचा हातखंडा होता तो एकसारख्या दिसणाऱ्या नाहीतर एकसारख्या वाटणाऱ्या शब्दांचा. 'रॉब' आणि 'स्टील' यांत फरक काय, 'हंग' कुठे आणि 'हँग्ड' कुठे. दोरीवर कपडे असतील तर हंग, माणूस असेल तर हँग्ड, असं ती सांगायची आणि अख्खा वर्ग हसायचा. वय छत्तीस. लग्न मोडल्यावर सात वर्षांपूर्वी ती निर्मळला आईवडिलांकडे परत आली होती. चुकीचा शब्द दिसला की ही बाई गप्प बसू शकत नसे, मग ती दुकानाची पाटी असो की कुणाची लग्नपत्रिका.

त्या सवयीपायीच पुढचं सगळं घडलं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. ते पुरतं खरं नव्हतं. पण ठिणगी पडली ती तिथेच.

निर्मळला तिचे वडील पांडुरंग चुरी यांची वाडी होती. केळी, सोनचाफा, थोडा मोगरा, आणि मधोमध गोड्या पाण्याचं जुनं तळं, म्हणजे बावखल. वाडीच्या पलीकडे त्यांच्या मयत भावाचा हिस्सा होता. तो आता पुतण्या जितेशकडे आला होता. जितेश एकोणतीस वर्षांचा. त्याला तिथे लग्नासाठी लॉन काढायचं होतं. पण त्याच्या जमिनीकडे जायला बावखलाच्या काठाने एक पायवाट, फार तर स्कूटर जाईल एवढी. गाड्या यायच्या तर अर्धं बावखल बुजवायला हवं होतं, आणि ते पांडुरंग जिवंत असेपर्यंत होणार नव्हतं. वर्षभर बोलणी चालली, मग बोलणं बंद झालं. यमुनाकाकी, म्हणजे जितेशची आई, येताजाता मान फिरवू लागली.

दिवाळी उलटली आणि एका शनिवारी संध्याकाळी जितेशने चुरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक मेसेज टाकला. लॉनची बोलणी झालेला माणूस मागे हटतोय, काकांमुळे माझं सगळं जाणार, माझं डोकं फिरवू नका, असा मजकूर होता. 'गमावणे' या अर्थाचा 'लूज' त्यात चार वेळा आला होता आणि चारही वेळा त्याने दोन ओ घातले होते.

क्षितिजा तेव्हा वह्या तपासत होती. हातात लाल पेन होतं. तिने मेसेज वाचला आणि उत्तर टाकलं, 'एकच ओ, जितेश. दोन ओ घातले की अर्थ होतो सैल. तुझं सगळं सैल होणार आहे का?'

मिनिटभरात ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. चांदीपला राहणाऱ्या एका मावसभावाने तर पायजम्याचा फोटो टाकला. जितेश ग्रुपमधून बाहेर पडला. क्षितिजाला क्षणभर वाटलं की आपण जरा जास्तच केलं. मग तिने पुढची वही ओढली.

रविवारी सकाळी साडेसातला वाडीच्या फाटकाशी डंपर येऊन थांबला. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचा मलबा त्यात भरलेला होता. दोन माणसं उतरली, मागून जितेश. त्याच्या हातात केळीचे घड उतरवायचा कोयता होता. फाटकाची साखळी त्याने लाथेनेच तोडली. वाटेत आडवी आलेली पहिली केळ त्याने एका घावात आडवी केली, मग दुसरी, मग तिसरी. केळीचं खोड कापलं जाताना आवाज फारसा होत नाही, ओला धप्प होतो. तो आवाज ऐकून पांडुरंग चहाचा कप तसाच ठेवून बाहेर धावले. पाठोपाठ क्षितिजा, आणि पदर खोचत तिची आई विमला.

"जितेश, वेडा झालास काय? थांब!" पांडुरंग त्याच्या आणि बावखलाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. एकाहत्तर वर्षांचे, अंगात गंजीफ्रॉक, पायांत काही नाही.

"बाजूला व्हा काका. आज भराव पडणारच."

"माझ्या अंगावर टाक मग."

"टाकेन! काय समजलात? हसता काय माझ्यावर सगळे?" त्याची नजर क्षितिजावर गेली आणि आवाज फाटला. "ये ना क्षितूताई, ये! सैल म्हणजे काय ते दाखवतो तुला!"

"जितेश, कोयता खाली ठेव," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गातला होता. तिला दुसरा आवाज काढताच आला नाही.

त्याने कोयता उगारला. तो तिच्यावर उगारला होता की नुसताच हवेत, हे पुढे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. पांडुरंगांनी मध्ये हात घातला. पातं त्यांच्या उजव्या हाताच्या पंजाच्या वरच्या बाजूला बसलं आणि सरळ आत गेलं. त्यांनी हात उचलला तेव्हा तीन बोटं खाली लोंबत होती, जणू ती त्यांची नव्हतीच. रक्त आधी आलंच नाही. मग आलं ते एकदम, कोपरापर्यंत. ते मटकन खाली बसले.

विमला किंचाळली. डंपरची माणसं जागच्या जागी थिजली, आणि दुसऱ्याच क्षणी उलटी पळाली. डंपर सुरू झाल्याचा आवाज आला.

वाकलेल्या केळीला टेकू म्हणून लावलेला एक जाड बांबू क्षितिजाच्या हाताशी होता. तो तिने कधी उपटला ते तिला कळलं नाही. जितेश कोयता धरून उभा होता, डोळे विस्फारलेले. काकांकडे बघत होता आणि कोयता पुन्हा वर जात होता, की हात नुसता थरथरत होता, कोण जाणे. तिने बांबू त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं. कोयता उडून चिखलात पडला. जितेश ओरडला, मनगट पोटाशी धरून वाकला, आणि मग वळून फाटकाकडे पळत सुटला.

इथे ती थांबू शकत होती. कोयता तिच्या पायाशी होता, जितेश पाठमोरा होता, त्याचे हात रिकामे होते. तिने बापाच्या लोंबणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि ती त्याच्यामागे धावली. चार पावलांत तिने त्याला गाठलं आणि दोन्ही हातांनी बांबू फिरवला. तो त्याच्या डाव्या कानामागे बसला. जितेश तोंडावर पडला. त्याचं कपाळ पायवाटेच्या दगडावर आपटलं. नाकातून आणि कानातून रक्त आलं. ती त्याच्यावर उभी होती, बांबू पुन्हा उगारलेला, आणि तिला बरं वाटत होतं. हे तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही. पण तेवढे दोन श्वास तिला फार बरं वाटलं होतं.

"क्षितू, पुरे!" पांडुरंग ओरडले. "मरेल तो!"

तिने बांबू टाकला.

दोघांनाही एकाच दवाखान्यात नेलं, वेगवेगळ्या रिक्षांनी. तिथे डॉ. ॲंजेला नावाची तरुण डॉक्टर ड्यूटीवर होती. तिने आधी जितेशला पुढच्या हॉस्पिटलात पाठवायची सोय केली, कारण त्याच्या कानातलं रक्त थांबत नव्हतं. मग पांडुरंगांचा हात बघितला. बोटांच्या शिरा तुटल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, पण तीन बोटं पुन्हा पुरती उघडणार नाहीत असं सांगण्यात आलं. पांडुरंगांनी विचारलं, "कोयता धरता येईल?" डॉक्टर टाके काढायची तारीख लिहू लागल्या.

जबाब द्यायच्या आधी वकील भेटले. फ्रान्सिस हे त्यांच्या ओळखीतले, वसई कोर्टात तीस वर्षं काढलेले.

"नीट ऐक," ते म्हणाले. "मनगटावरचा फटका तुझा. तो बचावासाठी. त्याच्या हातात कोयता होता. त्याबद्दल तुला कुणी हात लावणार नाही. पुढे काय झालं?"

"तो पळाला. मी..."

"तो पळाला आणि पडला," फ्रान्सिस म्हणाले. त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "चिखल होता. दगड होता. पडला."

क्षितिजाने आईकडे पाहिलं. विमलाने मान खाली घातली. पांडुरंग खाटेवरून म्हणाले, "पडला." त्यांनी आयुष्यात खोटी साक्ष दिली नव्हती. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

फौजदाराने लिहून घेतलं, 'पळताना पाय घसरून पडला.' तिने खाली सही केली.

आठवड्याने क्लास पुन्हा सुरू झाला. सगळ्यांना कळलं होतं, पण कुणी विचारलं नाही. तिने फळ्यावर क्रियापदं लिहायला घेतली आणि तलाठ्याच्या परीक्षेला बसणारी रिद्धी उभी राहिली.

"मॅडम, 'फॉल'चा भूतकाळ 'फेल'. मग एका पेपरात 'फेल्ड' होतं, ते चुकीचं ना?"

"नाही. ते वेगळं क्रियापद आहे." तिने खडू उचलला. "एक म्हणजे पडणं. दुसरं पाडणं. झाड आपोआप पडलं तर फेल. कुणी तोडून पाडलं तर..."

तिचा हात फळ्यावर तसाच राहिला. मुलं वाट बघत होती. "तर फेल्ड," ती म्हणाली आणि पंधरा मिनिटं आधी वर्ग सोडला.

महिनाभराने फ्रान्सिसने पांडुरंगांच्या वैद्यकीय दाखल्याची प्रत तिच्यापुढे ठेवली. "केस ढिली पडतेय. जितेश म्हणतो त्याने कोयता फक्त केळीवर चालवला. काका त्याला अडवायला गेले आणि बावखलावरच्या पंपाच्या फुटक्या सिमेंटच्या ओट्यावर हात पडून फाटला. आणि दाखला त्याच्याच बाजूने बोलतो."

क्षितिजाने वाचलं. जखमेच्या रकान्यात शब्द होता 'लॅसरेटेड'.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"काय चूक? जखम झाली ना?"

"लॅसरेटेड म्हणजे फाटलेली. चेंदलेली, कडा वेड्यावाकड्या. दगडाने, पडल्याने, पत्र्याला अडकून होते ती. धारदार पात्याने होते ती इन्साइज्ड. कापलेली. बाबांची जखम मी बघितलीय, कडा रेघ ओढल्यासारख्या होत्या."

फ्रान्सिसने चष्मा काढला. "मग जा, आणि त्या डॉक्टरकडून लिहून आण. पण विचार कर. एकदा डॉक्टरला शब्दाचा अर्थ विचारायला लागलीस की समोरचाही विचारेल."

ती गेली. डॉ. ॲंजेलाने रजिस्टर काढलं, त्या दिवशी आपल्या मोबाइलवर काढलेले जखमेचे फोटो पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "हो. साफ कापलेलं आहे. मी... आम्ही सगळे घाईत सगळ्यालाच लॅसरेटेड लिहितो. सवयच झालीय."

"या सवयीने माझ्या वडिलांना खोटं ठरवलं," क्षितिजा म्हणाली. ते खरं होतं, आणि चूक दिसली की ती असं तोंडावर बोलायचीच.

डॉक्टरने पोलिसांना दुरुस्तीचं पत्र दिलं. चार दिवसांत कलम वाढलं आणि जितेशला अटक झाली. सतरा दिवस तो आत होता. यमुनाकाकी वाडीच्या तुटक्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि कपाळ बडवून घेत ओरडली, "माझ्या पोराचा कान गेला! ऐकू येत नाही त्याला! आणि तो तुरुंगात, नि ही मास्तरीण शब्द शिकवत फिरते!" विमला दारातून हलली नाही. क्षितिजा आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

कानाचं तिला तेव्हा कळलं. हाड तडकलं होतं, आतली नस गेली होती. डावा कान कायमचा बंद.

फ्रान्सिस म्हणाले तसंच झालं. जितेशच्या वकिलाने त्याच डॉक्टरला लेखी विचारलं की कानामागची जखम पडून झाली की मारून. डॉ. ॲंजेलाचं उत्तर आलं तेव्हा फ्रान्सिस खूश होते. डॉक्टरने लिहिलं होतं की जखम बोथट वस्तूची आहे, आणि पडून होणं 'पॉसिबल' आहे.

"प्रॉबेबल नाही," क्षितिजा म्हणाली.

"म्हणजे?"

"प्रॉबेबल म्हणजे बहुतेक तसंच झालं असेल. पॉसिबल म्हणजे एवढंच की तसं होऊच शकत नाही, असं सांगता येत नाही. तिला माहितेय मी मारलं. ती फक्त खोटं न बोलता सुटलीय."

"तीही सुटली, तूही सुटलीस," फ्रान्सिस म्हणाले. "आता तोंड बंद ठेव."

तिने तोंड बंद ठेवलं. तेव्हा जानेवारी संपत आला होता. घरी पांडुरंग डाव्या हाताने जेवायला शिकत होते. सोनचाफ्याची फुलं खुडायला त्यांना विमलाची मदत लागे. एके दिवशी ते ओटीवर बसले असताना क्षितिजाने विचारलं, "बाबा, मी जाऊन खरं सांगू का?"

त्यांनी नजर बावखलाकडे वळवली. "माझी बोटं गेली ती गेली. त्याचा कान गेला तो गेला. तू आत गेलीस तर आम्ही दोघं काय करू?" आणि मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पण मला झोप लागत नाही, क्षितू."

जितेश जामिनावर सुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला फुलपाड्याच्या क्लासचं दार धाडकन उघडलं. वर्गात एकवीस मुलं होती. जितेश दारात उभा होता, हातात लोखंडी सळई. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. आधी त्याने दाराशेजारचा पंखा फोडला, मग खिडकीची काच, मग फळा. फळा मधोमध चिरला आणि त्याचा अर्धा भाग खाली आला. मुलं भिंतीकडे सरकली. एक मुलगी रडायला लागली.

"मॅडम शिकवतात काय!" तो ओरडत होता. एक कान बंद असलेल्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही, तसा तो गरजेपेक्षा मोठ्याने ओरडत होता. "मलाही शिकवा! एक शब्द सांगा फक्त! मी पडलो काय?"

"जितेश, मुलांना जाऊ दे."

त्याने मान वाकडी करून उजवा कान पुढे केला. "काय? मोठ्याने बोल!"

त्याचा बंद पडलेला डावा कान क्षितिजाला पहिल्यांदाच दिसला, आणि ते तिने केलं होतं.

तो दोन ढांगांत तिच्यापाशी आला. केसांना धरून त्याने तिला टेबलावर दाबलं. टेबलाची कड तिच्या बरगडीत घुसली, तोंडात रक्ताची चव आली. सळई तिच्या कानाशी होती. पियुष नावाचा मागच्या बाकावरचा दांडगा मुलगा पुढे सरसावला तशी जितेशने सळई त्याच्यावर उगारली. "जवळ येशील तर हिला इथेच संपवीन!" पियुष थांबला.

"सांग! सतरा दिवस मी काढले आत. आई दारोदार फिरली. सगळं गाव म्हणतं, स्वतःच पडला गाढव. बोल! पडलो मी?"

"नाही," ती म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं!"

तिने टेबलावरून मान जेवढी वळेल तेवढी त्याच्या उजव्या कानाकडे वळवली आणि ओरडली, "नाही! मी मारलं! तू पळत होतास. तुझ्या हातात काही नव्हतं. मी मागून येऊन मारलं. आणि पुन्हा मारणार होते. बाबा ओरडले म्हणून थांबले!"

तिच्या केसांतली पकड सैल झाली. ती टेबलाला धरून उभी राहिली. तिला वाटलं, संपलं. जितेश रडेल असं वाटत होतं. त्याऐवजी त्याने सळई उचलली आणि पूर्ण ताकदीने तिच्या खांद्यावर हाणली. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. ती कोसळली. त्याने सळई पुन्हा उगारली, पण तोवर पियुष आणि आणखी चार जणांनी त्याला मागून धरलं, जमिनीवर पाडलं आणि मारायला सुरुवात केली. बूट, मुठी, फळ्याचा तुकडा, हाताला लागेल ते. रिद्धीने फळ्याची चौकट दोन्ही हातांत घेतली होती. ती त्याच्या पाठीत घालत होती आणि रडत होती.

खाली पडल्या पडल्या क्षितिजाने रिद्धीचा तो चेहरा ओळखला. पायवाटेवर, दोन श्वासांसाठी, तो तिचाच होता.

"सोडा त्याला!" ती ओरडली. कुणी ऐकलं नाही. ती एका हातावर सरपटत गेली आणि जितेशच्या डोक्यावर आडवी पडली. एक लाथ तिच्या पाठीत बसली, दुसरी तिच्या हाताला चाटून गेली, आणि मग मुलं थांबली. धापा टाकत, एकमेकांकडे बघत. रिद्धीच्या हातातून चौकट गळून पडली. क्षितिजाच्या खाली जितेश हुंदके देत होता, मोठ्याने, स्वतःला पुरत्या ऐकू न येणाऱ्या आवाजात.

पोलीस आले. जितेशला घेऊन गेले.

दोन दिवसांनी गळ्याशी पट्टा आणि खांदा बांधलेला, अशा अवस्थेत क्षितिजा पोलीस ठाण्यात जाऊन बसली. फ्रान्सिस बाहेर फोनवर ओरडत होते की मी वकीलपत्र काढून घेतो. पांडुरंग तिच्याबरोबर आले होते. त्यांनी आपला वाकडा पंजा मांडीवर ठेवला होता.

"पुरवणी जबाब द्यायचाय," ती म्हणाली.

फौजदाराने तिच्या खांद्याकडे पाहिलं. "त्याने मारलं त्याबद्दल ना? तो घेतलाय आम्ही."

"नाही. मी मारलं त्याबद्दल."

फौजदार पेन ठेवून मागे टेकला. "मॅडम, डॉक्टरचं मत तुमच्या बाजूने आहे. तुम्हाला कळतंय ना काय करताय? कान कायमचा गेला की दुखापत साधी राहत नाही, गंभीर होते. शिवाय आधीचा जबाब खोटा ठरतो."

"कळतं. लिहा. तो पडला नाही. मी पाडला."

"मीपण खोटं बोललो होतो," पांडुरंग म्हणाले. "माझंही लिहा."

जबाब पूर्ण व्हायला दीड तास लागला. फौजदार एकेक वाक्य वाचून दाखवत होता. एका ठिकाणी त्याने 'रागाच्या भरात' असं लिहिलं होतं.

"ते काढा," ती म्हणाली.

"राग नव्हता?"

"होता. पण पुढचं मला दिसत होतं. त्याचे हात रिकामे होते, ते मी पाहिलं आणि मग मारलं. भरात म्हटलं की तेवढं झाकलं जातं."

त्याने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि ते दोन शब्द खोडले.

क्षितिजाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला. क्लासच्या इमारतीने जागा सोडायला सांगितलं. दोन-तीन पालकांनी मुलांची नावं काढली, उरलेली मुलं निर्मळला ओटीवर येऊन बसू लागली. रिद्धी आली नाही. तिने मेसेज केला की मला माझ्याच हातांची भीती वाटते. क्षितिजाने त्यातली एक चूक पाहिली, दुरुस्त केली नाही, आणि तिला फोन लावला. त्या दोघी तासभर बोलल्या.

बावखल आहे तसंच आहे. लॉनचा माणूस दुसरीकडे गेला. पांडुरंगांनी एकदा यमुनाकाकीला निरोप पाठवला होता, की वाट अडीच फुटांनी रुंद करू, केळीच्या बाजूने घेऊ, पण पाण्याला हात नको. उत्तर आलं नाही.

जितेशलाही पुढे पुन्हा जामीन मिळाला. खटले तीन चालू आहेत. वाडीतल्या आणि क्लासमधल्या हल्ल्याच्या दोन खटल्यांत क्षितिजा फिर्यादी पक्षाची साक्षीदार, तिसऱ्यात आरोपी. जितेश तिन्हींत नेमका उलट बाजूला. तारखा एकाच दिवशी पडतात, म्हणून वसई कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही कुटुंबं समोरासमोर बसतात. विमला यमुनाकाकीकडे बघत नाही, यमुनाकाकी विमलाकडे. पाण्याची बाटली विसरली की पांडुरंग मात्र दोघींसाठीही आणतात.

मागच्या तारखेला शिपायाने दारातून पुकारा केला, "जितेश चुरी!" व्हरांड्यात गर्दी होती, आणि जितेश भिंतीकडे उजवा कान करून बसला होता. त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा पुकारा झाला. यमुनाकाकी खाली गेली होती. त्याचा वकील कुठे दिसेना. तिसऱ्या पुकाऱ्याला हजर नसलं की वॉरंट निघतं, हे आता क्षितिजाला माहीत होतं. फ्रान्सिसने तिच्या कोपराला हात लावला, म्हणजे बसून राहा.

ती उठली. व्हरांडा ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो दचकला, दोन्ही हात तोंडापुढे घेतले. तिनेही नकळत आपला मोडका खांदा मागे घेतला.

"तुझं नाव घेतलं," तिने मोठ्याने सांगितलं आणि दाराकडे बोट दाखवलं.

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि धावत आत गेला. मागे वळून पाहिलं नाही. क्षितिजा त्याच्या रिकाम्या बाकड्यावर बसली. गळ्याजवळचं हाड थंडीत अजून ठणकतं, तिथे तिने हात दाबून धरला. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा दारात आला आणि त्याने तिचं नाव पुकारलं.